अमेरिकेतील न्याय्य कर्जवाटपाचे कायदे आणि बँक-नियंत्रकांची अंमलबजावणी

कायदा संमत होणे आणि कायदा अंमलात येणे ह्या दोन निरनिराळ्या ऐतिहासिक घटना होत. पहिलीची तारीख राजपत्रात सापडते. दुसरीची तारीख निश्चित करणे बहुधा कठीण जाते, आणि पुष्कळदा ती पहिलीपासून इतकी दूर असते की, मधला काळ हाच खरा अभ्यासविषय ठरतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वंश, लिंग वा धर्म ह्यांच्या आधारे कर्ज नाकारण्यास १९६८ ते १९७६ ह्या आठ वर्षांत कायद्याने बंदी झाली. परंतु ह्या बंदीचा भंग केल्याबद्दल गृहकर्ज देणाऱ्या एखाद्या मोठ्या संस्थेस जाब द्यावा लागल्याचे ठळक उदाहरण १९९२ पूर्वी आढळत नाही. हे सुमारे पाव शतकाचे अंतर का पडले आणि ते कशाने मिटले, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

कर्जव्यवहारातील अन्याय इतर अन्यायांहून एका बाबतीत वेगळा असतो. उपाहारगृहात प्रवेश नाकारलेल्या मनुष्यास आपणांस का नाकारले हे तत्काळ कळते. बँकेने अर्ज फेटाळलेल्या मनुष्यास ते कळत नाही. त्याला एक सभ्य भाषेतील पत्र येते. त्याच आठवड्यात, तेवढ्याच उत्पन्नाच्या व तेवढ्याच जुन्या देण्यांच्या दुसऱ्या एखाद्या अर्जदारास कर्ज मंजूर झाले किंवा कसे, हे पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. तुलना करण्याची सामग्री एकट्या धनकोच्या कपाटात असते. यास्तव, अन्याय झालेल्याने तक्रार करावी व न्यायालयाने ती ऐकावी, ही सामान्य कायद्याची रीत येथे लंगडी पडते. ज्याला कपाट उघडण्याचा अधिकार आहे असा एकच परका मनुष्य असतो, तो म्हणजे शासनाचा बँक-तपासनीस.

अमेरिकेत अशा तपासनिसांची उणीव कधीच नव्हती. चलन-नियंत्रकाचे कार्यालय १८६३ मध्ये स्थापन झाले, फेडरल रिझर्व्ह व्यवस्था १९१३ मध्ये निर्माण झाली, आणि महामंदीच्या तडाख्यात १९३२ मध्ये फेडरल गृहकर्ज बँक मंडळ व १९३३ मध्ये फेडरल ठेव-विमा महामंडळ ह्यांची भर पडली. ह्या चारही संस्थांचे तपासनीस ठराविक मुदतीने बँकांचे दप्तर तपासीत. तथापि त्यांची निर्मिती एका विशिष्ट भीतीपोटी झाली होती, व ती भीती म्हणजे दिवाळखोरीची. कर्ज बुडेल काय, तारण पुरेसे आहे काय, ठेवीदाराचा पैसा सुरक्षित आहे काय, हे प्रश्न विचारण्यास तपासनीस शिकलेला होता. तो दिलेले कर्ज तपाशी; न दिलेल्या कर्जाकडे पाहण्याचे त्याला कारणच नव्हते. न दिलेले कर्ज बुडत नाही, म्हणून त्याच्या लेखी ते निर्दोष होते. पुढील सर्व इतिहासाचे मर्म ह्या एका गोष्टीत आहे.

२. नकाशे व नियमपुस्तिका

शासन ह्या प्रश्नात तटस्थ साक्षीदार होते असेही नव्हे. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या गृहस्वामी कर्ज महामंडळाने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करविले. त्यांत प्रत्येक वस्तीस चारांपैकी एक प्रत देण्यात आली. सर्वोत्तम वस्ती हिरव्या रंगाची आणि सर्वांत धोक्याची वस्ती तांबड्या रंगाची. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक सर्वत्र तांबड्या रंगात गेल्या. कर्जबंदीच्या ह्या प्रकारास पुढे ‘तांबडी रेघ ओढणे’ असे जे नाव पडले, त्याचा संबंध ह्या रंगाशी लावण्याची प्रथा आहे.

तथापि ह्या नकाशांचे महत्त्व अतिशयोक्तीने सांगण्याचा मोह टाळला पाहिजे. महामंडळाने आपली बहुसंख्य कर्जे नकाशे पूर्ण होण्यापूर्वीच दिली होती आणि त्यांत कृष्णवर्णीय ऋणकोही होते, हे अलीकडील संशोधनाने दाखवून दिले आहे. अधिक दूरगामी परिणाम १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल गृहनिर्माण प्रशासनाचा झाला. हे प्रशासन स्वतः कर्ज देत नसे. खाजगी संस्थेने दिलेल्या गृहकर्जाचा विमा उतरवी. विमा कोणत्या घरास द्यावा हे ठरविण्यासाठी त्याने जी नियमपुस्तिका केली, तीत विसंगत वंशगटांचे मिश्रण हा मालमत्तेच्या मूल्यास धोका मानला होता, आणि घर विशिष्ट वंशाच्या मनुष्यास विकू नये अशा अटी खरेदीखतात घालण्याची शिफारस होती. अशा अटी न्यायालयांनी अंमलात आणू नयेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर ह्या खटल्यात दिला. परंतु तोपर्यंत वंशावरून जोखीम ठरविणे हा कर्जव्यवसायाचा शास्त्रीय नियम होऊन बसला होता. कर्ज देणारा अधिकारी मनाने द्वेषी असण्याची आवश्यकता उरली नव्हती. पुस्तकात लिहिले आहे तसे वागणे त्याला पुरेसे होते.

घर हे अमेरिकन मध्यमवर्गाच्या संपत्तीचे मुख्य रूप आहे. महायुद्धोत्तर काळात उपनगरांतील लक्षावधी कुटुंबांनी अल्प हप्त्यांवर घरे घेतली, त्या घरांच्या किंमती वाढल्या, आणि ती वाढ मुलांच्या शिक्षणास व वारशास कामी आली. ज्यांना त्या काळात कर्ज मिळाले नाही, त्यांचे नुकसान एका पिढीपुरते राहिले नाही.

अध्यक्ष केनेडी ह्यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये आज्ञापत्र काढून शासनाच्या साहाय्याने होणाऱ्या गृहनिर्माणात वंशभेदास मनाई केली. परंतु शासकीय विम्याविना दिली जाणारी सामान्य गृहकर्जे त्याच्या कक्षेबाहेर राहिली, आणि बाजारातील बहुतांश कर्जे ह्याच प्रकारची होती.

३. कायद्यांचे दशक

१९६८ ते १९७७ ह्या दहा वर्षांत ऋणकोच्या संरक्षणाचे जवळजवळ सर्व प्रमुख कायदे झाले. त्यांच्यात दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. पहिला ग्राहकसंरक्षणाचा. सिनेटर पॉल डग्लस ह्यांनी १९६० मध्ये कर्जव्यवहारातील सत्यतेचे विधेयक प्रथम मांडले. ते आठ वर्षे अडून राहिले, आणि डग्लस निवडणुकीत पराभूत झाल्यानंतर विल्यम प्रॉक्समायर ह्यांनी ते मे १९६८ मध्ये तडीस नेले. व्याजाचा वार्षिक दर एकाच ठराविक पद्धतीने मोजून ऋणकोस आधी सांगितला पाहिजे, हे त्याचे सार. हा कायदा दर किती असावा हे सांगत नाही. तो लपवू नये, एवढेच सांगतो.

दुसरा प्रवाह नागरी हक्कांचा. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांची ४ एप्रिल १९६८ रोजी हत्या झाली आणि त्यानंतर आठवड्याभरातच, ११ एप्रिल रोजी, न्याय्य गृहव्यवहार कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन ह्यांची स्वाक्षरी झाली. गृहकर्जात वंश, वर्ण, धर्म वा मूळ राष्ट्र ह्यांवरून भेद करणे ह्या कायद्याने बेकायदा ठरले. पण त्याच्या अंमलबजावणीचा भाग संसदेतील तडजोडीत बराच झिजला होता. गृहनिर्माण खात्यास तक्रारदार व धनको ह्यांच्यात सलोखा करण्याचा अधिकार मिळाला. हुकूम देण्याचा मिळाला नाही. तो मिळण्यास १९८८ ची दुरुस्ती यावी लागली. न्याय विभागास दावा लावता येई, पण भेदभाव हा सातत्याने चालत आलेला प्रघात असल्याचे दिसले तरच.

१९७४ च्या समान पतसंधी कायद्याचा उगम स्त्रियांच्या गाऱ्हाण्यांत होता. स्वतः मिळवत्या असलेल्या विवाहितेसही पतीच्या सहीवाचून खाते मिळत नसे, आणि घटस्फोटितेची पत विवाहाबरोबरच संपुष्टात येई. ह्या कायद्याने प्रथम लिंग व वैवाहिक स्थिती ह्या दोनच कारणांवरील भेद निषिद्ध केला; मार्च १९७६ च्या दुरुस्तीने वंश, वर्ण, धर्म, मूळ राष्ट्र, वय आणि शासकीय साहाय्यावरील उपजीविका ह्यांची भर पडली. कर्ज नाकारल्यास कारण मागण्याचा हक्कही ह्या दुरुस्तीने अर्जदारास दिला.

शेवटचे दोन कायदे वस्तीवस्तीतून आलेल्या चळवळीचे फळ होत. शिकागोतील गेल सिनकोटा ह्यांच्या नेतृत्वाखालील रहिवाशांच्या संघटनेचा आग्रह असा होता की, आमच्या वस्तीतील ठेवी घेऊन बँका कर्जे दुसरीकडे देतात, हे आम्हांस सिद्ध करता आले पाहिजे. डिसेंबर १९७५ च्या गृहतारण माहिती-प्रकटन कायद्याने महानगरांतील संस्थांवर आपली गृहकर्जे कोणत्या जनगणना-विभागात दिली हे जाहीर करण्याचे बंधन घातले. ऑक्टोबर १९७७ च्या समुदाय पुनर्गुंतवणूक कायद्याने नियंत्रकांना अशी आज्ञा केली की, बँक आपल्या परिसराची पतविषयक गरज भागविते की नाही हे तपासावे, आणि नवी शाखा वा विलीनीकरण ह्यांस अनुमती देताना ते विचारात घ्यावे. ह्या दोन्ही विधेयकांमागे प्रॉक्समायर होते.

४. नियंत्रकांचे मौन व १९७६ चा दावा

कायदे झाले, पण तपासनिसाच्या कामात फारसा फरक पडला नाही. १९६८ चा कायदा सर्व शासकीय खात्यांस त्याच्या उद्देशाच्या पूर्तीसाठी आपले अधिकार वापरण्यास सांगतो. नियंत्रक संस्थांनी ह्याचा अर्थ संकोचाने लावला. बँकांनी भिंतीवर समान संधीची पाटी लावावी, जाहिरातीत तसा शब्द घालावा, एवढ्यावर भर राहिला. अर्जदाराच्या वंशाची नोंद ठेवावी की नाही हा वादाचा मुख्य मुद्दा होता. नोंद ठेवणे हेच भेदभावाचे निमित्त होईल, असे बँका म्हणत. आणि हा आक्षेप अगदी निराधार नव्हता, कारण पूर्वीच्या काळी अशा नोंदी त्याच हेतूने ठेवल्या गेल्या होत्या. परंतु नोंदीवाचून तुलना नाही, व तुलनेवाचून भेद दिसत नाही. रंग न पाहण्याचा नियम असा रंग न दिसण्याची सबब होऊन बसला. १९७४ मध्ये नियंत्रकांनी निवडक महानगरांत वंशनोंदीसह पथदर्शक पाहणी केली, आणि अल्पसंख्य अर्जदारांचे अर्ज फेटाळले जाण्याचे प्रमाण अधिक असल्याचे तीत दिसून आले. तथापि ही पद्धत लगेच कायम करण्यात आली नाही.

एप्रिल १९७६ मध्ये नॅशनल अर्बन लीग व तिच्या सहकारी नागरी हक्क आणि गृहनिर्माण संघटनांनी एक असाधारण दावा लावला. त्यात प्रतिवादी कोणतीही बँक नव्हती. चलन-नियंत्रक, ठेव-विमा महामंडळ, फेडरल रिझर्व्ह मंडळ व गृहकर्ज बँक मंडळ ह्या चार नियंत्रक संस्थांनाच प्रतिवादी केले होते. आरोप हा की, कायद्याने सोपविलेले कर्तव्य त्यांनी बजावलेले नाही.

ह्या दाव्याचा शेवट दोन प्रकारे झाला. १९७७ मध्ये तीन संस्थांनी वादींशी तडजोड केली. अर्जदारांच्या वंश व लिंगाची माहिती गोळा करणे, नागरी हक्कांच्या कायद्यांचे शिक्षण तपासनिसांस देणे, त्या कामासाठी विशेष अधिकारी नेमणे, आणि फेटाळलेल्या अर्जांची तपासणी करणे, ह्या गोष्टी त्यांनी मान्य केल्या. फेडरल रिझर्व्ह मंडळाने तडजोड नाकारली. आणि १९७८ मध्ये न्यायालयाने, वादी संघटनांस ह्या मंडळाविरुद्ध दावा लावण्याचा अधिकार पोचत नाही, ह्या तांत्रिक कारणास्तव तो काढून टाकला. मंडळाचे आचरण योग्य की अयोग्य ह्याचा निर्णय झालाच नाही.

१९७७ च्या तडजोडीस ह्या इतिहासात जे स्थान द्यावयास हवे ते सामान्यतः दिले जात नाही. कायद्याने धनकोवर बंधन घातले होते. ह्या तडजोडीने नियंत्रकावर घातले. ग्राहककायद्यांची तपासणी ही आर्थिक स्थैर्याच्या तपासणीहून स्वतंत्र विद्या आहे व तिला स्वतंत्र शिक्षण पाहिजे, ही कल्पना ह्याच सुमारास रुजली. १९७८ च्या कायद्याने नियंत्रकांची एक समन्वय-परिषद निर्माण झाली आणि तपासणीचे निकष एकसारखे करण्याचे काम तिच्याकडे आले.

परंतु बंधन मान्य करणे व पाळणे ह्यांतही अंतर असते. १९८० च्या दशकात अध्यक्ष रेगन ह्यांच्या राजवटीत शासकीय नियंत्रणाचा संकोच हे धोरण झाले. शिवाय बचत-कर्ज संस्थांची जी प्रचंड पडझड ह्या दशकात झाली, तिच्यामुळे नियंत्रकांचे लक्ष पुन्हा त्यांच्या मूळ भीतीकडे, म्हणजे दिवाळखोरीकडे वळले. समुदाय पुनर्गुंतवणूक कायद्याखाली जवळजवळ सर्व बँकांना समाधानकारक शेरा मिळे. फेडरल रिझर्व्ह मंडळाने ह्या कायद्याच्या आधारे पहिला ठळक नकार दिला तो फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या काँटिनेंटल बँकेच्या अर्जास; म्हणजे कायदा होऊन अकरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर.

५. आकडेवारीचा उजेड

ही कोंडी बाहेरून फुटली. मे १९८८ मध्ये अटलांटा शहरातील एका दैनिकात बिल डेडमन ह्या तरुण वार्ताहराची लेखमाला प्रसिद्ध झाली. १९७५ च्या कायद्याने जाहीर झालेली कर्जांची माहिती त्याने जनगणनेच्या आकड्यांशी जुळवून पाहिली. समान उत्पन्नाच्या गोऱ्या व काळ्या वस्त्यांची तुलना केली असता गोऱ्या वस्त्यांना सुमारे पाचपट गृहकर्जे मिळाल्याचे दिसले. ह्या लेखमालेस १९८९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, वार्ताहरापाशी कोणतेही गुप्त कागद नव्हते. जी माहिती नियंत्रकांच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे येऊन पडत होती, तीच त्याने वाचली.

त्या माहितीत एक मोठी उणीव होती. ती दिलेली कर्जे सांगे, मागितलेली सांगत नसे. एखाद्या वस्तीत कर्जे कमी असतील तर तेथून अर्जच कमी आले असतील, असे बँकांना म्हणता येई. ऑगस्ट १९८९ मध्ये बचत-कर्ज संस्थांच्या पुनर्रचनेचा जो कायदा झाला, त्यात ही उणीव दूर करणारी दुरुस्ती झाली. ह्यापुढे प्रत्येक अर्जाची नोंद, अर्जदाराचा वंश, लिंग, उत्पन्न व अर्जाचा निकाल ह्यांसह कळवावयाची होती. त्याच कायद्याने समुदाय पुनर्गुंतवणुकीचे शेरेही जाहीर करण्याचे ठरले. ठेवीदारांच्या संकटातून झालेल्या कायद्याच्या पोटात ऋणार्थीचा सर्वांत उपयुक्त हक्क असा जवळजवळ नकळत जन्मास आला.

१९९० च्या अर्जांची माहिती ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. घरखरेदीच्या सामान्य कर्जांसाठी आलेल्या अर्जांपैकी गोऱ्या अर्जदारांचे १४.४ टक्के, तर कृष्णवर्णीयांचे ३३.९ टक्के अर्ज नाकारले गेले होते. बँकांचे उत्तर तयार होते व ते तर्कदृष्ट्या चुकीचे नव्हते: जुनी देणी, पूर्वीची थकबाकी, नोकरीचे स्थैर्य ह्या गोष्टी ह्या आकड्यांत नाहीत, त्या घातल्या की फरक नाहीसा होईल. ह्या उत्तराची परीक्षा बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने केली. ॲलिशिया मनेल व तिच्या तीन सहकाऱ्यांनी बॉस्टन महानगरातील १३१ संस्थांकडून सुमारे तीन हजार अर्जांची सविस्तर माहिती मागविली; प्रत्येक अर्जाविषयी ३८ अधिक बाबी तीत होत्या. ऑक्टोबर १९९२ मध्ये प्रथम व १९९६ मध्ये अंतिम स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासाचा निष्कर्ष दुहेरी होता. अल्पसंख्यांचा नकाराचा दर २८ टक्के व गोऱ्यांचा १० टक्के, ह्या १८ टक्क्यांच्या अंतरापैकी निम्म्याहून अधिक भाग आर्थिक कारणांनी समजावता येतो. परंतु सुमारे ८ टक्क्यांचे अंतर सर्व आर्थिक गोष्टी समान मानल्यावरही शिल्लक राहते.

ह्या अभ्यासावर पुढे बरीच टीका झाली. माहितीतील चुका दाखविण्यात आल्या, आणि गणिती रूप बदलल्यास फल बदलते असे म्हटले गेले. पुनःपरीक्षणांत निष्कर्षाचा गाभा बहुतांशी टिकला असे म्हणता येते. परंतु अंमलबजावणीच्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाचे एक निरीक्षण त्या अभ्यासात होते. बहुसंख्य अर्जदार निर्दोष नसतात. कोठे एखादा हप्ता चुकलेला असतो, कोठे देणे प्रमाणाबाहेर असते. अशा अर्जावर अधिकाऱ्यास विवेक वापरावा लागतो. एकास तो सांगतो की, हप्ता का चुकला त्याचा खुलासा लिहून आणा. दुसऱ्यास काही सांगत नाही, व अर्ज फेटाळतो. भेदभाव राहतो तो नियमांत नव्हे, तर ह्या साहाय्याच्या कमीअधिकपणात. तपासनिसाने काय शोधावे हे त्यामुळे प्रथमच स्पष्ट झाले.

६. १९९२ ते १९९४

अटलांटाच्या लेखमालेनंतर न्याय विभागाने त्या शहरातील ६४ धनको संस्थांची चौकशी हाती घेतली. त्यांतून डेकेटर फेडरल ह्या संस्थेविरुद्धचे प्रकरण उभे राहिले. विभागाने तिची हजारो प्रकरणे मागवून संख्याशास्त्रीय पद्धतीने तपासली व त्यानंतर प्रत्यक्ष कागद वाचले. समान उणिवा असलेल्या गोऱ्या अर्जदारांना त्या दूर करण्यास मदत झाली व काळ्यांना झाली नाही, तसेच सेवाक्षेत्राची सीमा काळ्या वस्त्या वगळून आखली गेली, असे विभागाचे म्हणणे होते. संस्थेने दोष नाकारला, परंतु सप्टेंबर १९९२ मध्ये तडजोड करून ४८ अर्जदारांना एकूण दहा लाख डॉलर देण्याचे मान्य केले. गृहकर्जातील प्रघातरूप भेदभावाबद्दलचे हे पहिले मोठे प्रकरण होय. त्याचा आरंभ वृत्तपत्रापासून झाला, तपासणीपासून नव्हे, ही गोष्ट नियंत्रकांना भूषणावह नव्हती.

तोवर कायद्यातही एक लहान पण निर्णायक बदल झाला होता. डिसेंबर १९९१ च्या दुरुस्तीने असे ठरविले की, सातत्याचा भेदभाव असल्याचे मानण्यास कारण दिसताच नियंत्रकाने ते प्रकरण न्याय विभागाकडे पाठविलेच पाहिजे. पूर्वी पाठविणे ऐच्छिक होते. नियंत्रक व बँक ह्यांचे नाते दीर्घ सहवासाचे असते. त्यात खाजगीत कानउघाडणी करून प्रकरण मिटविण्याकडे कल असणे स्वाभाविक होते. ह्या एका शब्दाने तो मार्ग बंद केला.

त्याचे परिणाम लवकरच दिसले. नोव्हेंबर १९९३ मध्ये शॉमट ह्या बँकसमूहाने न्यू डार्टमथ बँक विकत घेण्यासाठी केलेल्या अर्जावर फेडरल रिझर्व्ह मंडळात तीन विरुद्ध तीन अशी मते पडली व अर्ज नामंजूर झाला. कारण त्याच्या गृहकर्ज शाखेविषयी न्याय विभागाची चौकशी चालू होती. पुढच्याच महिन्यात शॉमटने ९ लाख ६० हजार डॉलरांची तडजोड केली. रक्कम मोठी नव्हती. मोठा होता तो विलीनीकरणास बसलेला अडसर. विस्ताराची परवानगी हेच नियंत्रकाच्या हातातील खरे शस्त्र आहे, हे बँकजगतास त्या दिवशी कळले. १५ वर्षांपूर्वी ज्या मंडळाने तडजोड नाकारली होती, त्याच मंडळाकडून हे घडावे, ह्यात काळाचा फरक दिसतो.

ऑगस्ट १९९४ मध्ये वॉशिंग्टन परिसरातील चेव्ही चेझ बँकेशी झालेली १ कोटी १० लाख डॉलरांची तडजोड आणखी पुढे गेली. तेथे अर्ज फेटाळल्याचा आरोपच नव्हता. काळ्या वस्त्यांत शाखा काढल्या नाहीत व तेथून अर्ज मागविले नाहीत, एवढाच होता. ह्या बँकेनेही दोष नाकारला. पण न दिलेल्या कर्जाकडे न पाहणारा १९६८ चा तपासनीस, आणि न मागितलेल्या अर्जाचा जाब विचारणारे १९९४ चे शासन, ह्यांच्यामधील अंतर ह्या प्रकरणाने मोजता येते. त्याच वर्षी नियंत्रकांनी एक संयुक्त धोरणपत्र काढून भेदभावाचे तीन प्रकार सांगितले: उघड भेद, समानांना असमान वागणूक, आणि वरकरणी सर्वांस सारख्या असलेल्या नियमाचा विषम परिणाम.

७. स्वतंत्र कार्यालयाची स्थापना

ह्यानंतरचा इतिहास संक्षेपाने सांगता येतो, कारण मूळ अडचण तीच होती. १९९४ मध्येच संसदेने फेडरल रिझर्व्ह मंडळास गृहकर्जातील अन्याय्य प्रथा बंद करण्याचा व्यापक अधिकार दिला होता. मंडळाने तो व्यापक रीतीने वापरला जुलै २००८ मध्ये, म्हणजे गृहकर्जाचा बाजार कोसळल्यावर. मधल्या काळात अन्यायाचे रूप पालटले होते. पूर्वी विशिष्ट वस्त्यांना कर्ज मिळत नसे. आता त्याच वस्त्यांना महागडी व जाचक कर्जे गळ्यात घातली जात. कंट्रीवाइड ह्या संस्थेने २००४ ते २००८ ह्या काळात दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक ऋणकोंना अधिक आकार लावले वा महाग कर्जांकडे वळविले, असा न्याय विभागाचा आरोप होता. त्याबद्दलची ३३ कोटी ५० लाख डॉलरांची तडजोड डिसेंबर २०११ मध्ये झाली. तोपर्यंत असंख्य घरे जप्त होऊन गेली होती.

जुलै २०१० मधील डॉड-फ्रँक कायद्याने ग्राहक वित्त-संरक्षण कार्यालय निर्माण केले व ते जुलै २०११ मध्ये सुरू झाले. त्यामागील तर्क इतिहासातूनच निघाला होता. बँकेच्या नफ्याची काळजी वाहणाऱ्या संस्थेकडे बँकेच्या ग्राहकाची काळजी सोपविली की, दुसरी पहिलीस नेहमी बळी पडते. म्हणून दोन्ही कामे निरनिराळ्या हातांत द्यावीत. १० अब्ज डॉलरांहून अधिक मालमत्तेच्या बँकांची ग्राहककायद्यांखालील तपासणी ह्या कार्यालयाकडे आली. लहान बँका व समुदाय पुनर्गुंतवणूक कायदा जुन्या नियंत्रकांकडेच राहिले.

स्वतंत्र कार्यालय झाले तरी ते राजकारणापासून स्वतंत्र होत नाही. मोटारकर्जांत अर्जदाराचा वंश नोंदविलेला नसतो. म्हणून आडनाव व पत्ता ह्यांवरून तो अंदाजण्याची पद्धत कार्यालयाने स्वीकारली, आणि डिसेंबर २०१३ मध्ये ॲलाय ह्या संस्थेशी ९ कोटी ८० लाख डॉलरांची तडजोड केली. ह्या पद्धतीवर कडाडून टीका झाली, व तिच्यामागील मार्गदर्शक पत्रक संसदेने मे २०१८ मध्ये ठरावाने रद्द केले. नोंदीवाचून तुलना कशी करावी हा १९७० च्या दशकातील वादच नव्या वेषात परत आला होता. विषम परिणामाचे तत्त्व न्याय्य गृहव्यवहार कायद्यास लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मान्य केले. तर एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्षीय आज्ञापत्राने शासकीय खात्यांना त्या तत्त्वावर आधारलेली अंमलबजावणी कमी करण्यास सांगितले. १९६८ च्या कायद्यातील भेदास मनाई करणारे कलम ह्या काळात तसेच राहिले. बदलली ती अंमलबजावणी.

८. समारोप

ह्या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, गुप्त राहणाऱ्या अन्यायाविरुद्धचा कायदा तक्रारीवर विसंबून चालत नाही. त्यास तपासणी लागते, आणि तपासणीस नोंद लागते. १९८९ च्या दुरुस्तीने एका रकान्याची भर पडली आणि त्या रकान्याने जे केले, ते आधीच्या वीस वर्षांत कायद्याच्या घोषणांना साधले नव्हते. दुसरी ही की, नियंत्रक संस्था आपल्या जन्मकाळची भीती सहसा विसरत नाही. दिवाळखोरी टाळण्यासाठी जन्मलेली संस्था न्यायाचे काम दुय्यम मानते, आणि तिने ते करावे ह्यासाठी बाहेरील दडपण, मग ते न्यायालयाचे असो, वृत्तपत्राचे असो वा वस्तीतील रहिवाशांचे, सतत असावे लागते. ह्या इतिहासातील प्रत्येक प्रगतीमागे असे दडपण आढळते. नियंत्रकांच्या आपखुषीने झालेली प्रगती क्वचितच आढळते.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अंमलबजावणीतील विलंब हा केवळ कार्यालयीन दोष नसतो. १९६८ मध्ये तिशीत असलेला ऋणार्थी १९९२ मध्ये पन्नाशी ओलांडून गेला होता. ज्या काळात घर घेऊन संपत्ती साठवावयाची तो काळच संपला होता, आणि डेकेटरच्या तडजोडीतील भरपाई त्या संस्थेच्या ४८ अर्जदारांपुरती होती. पुढच्या अर्जदारास न्याय मिळण्याची शक्यता वाढली. मागच्यांचा हिशेब तसाच राहिला. कायद्याच्या तारखेवरून हक्काची तारीख ठरविणाऱ्या इतिहासकाराने ह्या उरलेल्या हिशेबाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.